आधी हळकुंड, मग मीटिंग

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका मसाल्याच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. आमच्या आठवड्याच्या मीटिंगला परचेसवाले असतात, गोडाऊनचे मुकादम असतात, चक्कीवरचे ऑपरेटर, पॅकिंगच्या ताई, सेल्सची पोरं, फिटर मामा आणि अकाउंट्सचे काका. पडदा पाडून लॅपटॉप जोडला की यातली निम्मी मंडळी खुर्चीत मागे रेलतात आणि चहा कधी येतोय याची वाट बघतात. खरं तर मालातलं सगळ्यात जास्त याच मंडळींना कळतं. पण ते कळतं बोटांना, नाकाला, कानाला. पडद्यावर मात्र टक्के आणि रंगीत खांब. मग बोलतो कोण, तर ज्याला स्लाइड वाचता येते तो.

मीटिंग जिवंत कशी करावी याचे सल्ले पुष्कळ मिळतात. मंद संगीत लावा, सुवासिक मेणबत्ती लावा, भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या चिकटवा. मला यातलं काही पटत नाही. परत आलेल्या मालाचा आणि लव्हेंडरच्या वासाचा संबंध काय? लोक दोन मिनिटं कौतुकाने बघतात आणि परत मोबाईल काढतात. माझा नियम एवढाच आहे: ज्या गोष्टीचा निर्णय घ्यायचाय तीच गोष्ट बघायची, हुंगायची, चाचपायची, ऐकायची. आणि ती बोलणं सुरू व्हायच्या आधी लोकांच्या हातात पडली पाहिजे, नंतर नाही.

बसण्याआधी

अजेंड्यावर "क्वालिटी आढावा" असं लिहिलं तर लोक आढावा घ्यायला येतात, म्हणजे ऐकून घ्यायला. त्याऐवजी प्रश्न लिहा. "सोमवारच्या ट्रकातली हळद घ्यायची का परत करायची?" असा प्रश्न असला की वस्तू कोणती आणायची ते आपोआप ठरतं, आणि कोणतं इंद्रिय लागणार तेही. एका मीटिंगला एकच. वास, चव, रंग सगळं एकदम मांडलं की त्याचं प्रदर्शन होतं, आणि कुणाचं कशावरून मत झालं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

खोलीकडेही बघा. बंद दारामागे पंधरा-वीस माणसं बसली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि जांभया सुरू होतात. दोष बोलणाऱ्याचा असतोच, पण सगळा त्याचा नसतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तरी फरक पडतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या हॉलमध्ये दुपारी तीनला कुणाच्याही कुठल्याही इंद्रियाला हात घालू नका. सकाळी साडेनऊच्या आत उरका.

आणि भडंग शेवटी. सांगलीत मीटिंग म्हटलं की भडंग आलंच, माझी हरकत नाही. पण ते आधी फिरलं तर कुरकुरीत कुणाचं काही ऐकू येत नाही, शिवाय तिखट-तेलाची बोटं सॅम्पलला लागतात ती वेगळीच.

कान

हळदीपासून सुरुवात करते, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. हळद काढली की उकडतात, मग उन्हात दहा-पंधरा दिवस वाळवतात. नीट वाळलेल्या हळकुंडात ओल दहा टक्क्यांच्या आत येते, आणि असं हळकुंड मोडलं की टण्ण असा धातूसारखा आवाज येतो. ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो, किंवा हळकुंड आधी जरासं वाकतं आणि मग तुटतं. मार्केट यार्डात सौद्याला उभ्या राहणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मोडायचं, आवाज ऐकायचा, आतला केशरी गाभा बघायचा आणि पुढच्या ढिगाकडे जायचं, इतक्या पटकन ते होतं.

हेच मीटिंगमध्ये आणायचं. ट्रकातल्या वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून, हळकुंडं काढायची. तळातली विसरू नका. प्रत्येकाच्या पुढ्यात दोन-दोन ठेवायची. पंखे बंद, मोबाईल बंद. मग एकेकाने मोडायचं आणि बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. कुणीही मत द्यायचं नाही.

आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा परचेसचे साहेब घड्याळाकडे बघत होते. टण्ण, टण्ण, टण्ण असं चार खुर्च्या गेलं. पाचव्या खुर्चीवर मुकादम. त्यांनी हळकुंड मोडलं, कानाशी धरल्यासारखं केलं, दुसरं मोडलं आणि म्हणाले, "मॅडम, हे बोलतच नाय की ओ." ते हळकुंड तळातल्या पोत्यातलं होतं. नंतर त्याच पोत्यातली आणखी मूठभर आणवली तर निम्मी अशीच मुकी. मुकादम त्याआधी कुठल्या मीटिंगमध्ये "हो" आणि "बरं" याच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी माल कुठे उतरवला, ताडपत्री कुठे फाटली होती, कुठल्या थराला पाणी लागलं असणार, हे सगळं त्यांनी उभं राहून सांगितलं.

आता हेही सांगते की निव्वळ कानावर माल परत करता येत नाही. कानाने शंका काढली की ते पोतं बाजूला ठेवायचं आणि ओल लॅबमध्ये मोजून घ्यायची. पुरवठादाराला कागद लागतो, "बोलत नाही" हे कारण चालत नाही. पण कुठल्या पोत्याचं सॅम्पल लॅबला पाठवायचं हे या पाच मिनिटांत ठरतं.

मशीनच्या बाबतीतही कान चालतो. मेंटेनन्सच्या मीटिंगला चक्कीजवळ जाऊन उभं राहण्यात अर्थ नसतो, तिथे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. मोबाईलवर वीस-वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करा: एक ठणठणीत चक्कीचं, एक तक्रार असलेल्या चक्कीचं. मोबाईल दोन्ही वेळा तितक्याच अंतरावर धरा, नाहीतर नुसता मोठा-लहान आवाज ऐकू येतो. आमचे फिटर मामा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाशी लावतात आणि बेअरिंग किती दिवसांचं सोबती आहे ते सांगतात. त्यांना ते शब्दांत मांडायला लावा. "घासतंय", "दाणा वाजतोय", "शिट्टी मारतंय" हे तीन शब्द ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये आले आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला फोनवर काय सांगायचं ते कळू लागलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर जवारी काढताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर खुलवताना, कसे कान देतात ते कधी जाऊन बघा. घोडी जराशी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायची. मधल्या वेळात कुणी बडबडत नाही. मीटिंगमधल्या दोन मिनिटांच्या शांततेला जे नाक मुरडतात त्यांना मी तिकडे पाठवते.

हात

पाऊच फुटत नाही अशा तक्रारी येत होत्या. सेल्सच्या पोराने सुंदर तक्ता केला होता, कुठल्या तालुक्यातून किती तक्रारी आल्या त्याचा. पॅकिंगचं म्हणणं, सील बरोबर आहे, मशीनचं तापमान बरोबर आहे. दोघांचंही खरं होतं, म्हणून वाद संपत नव्हता.

पुढच्या मीटिंगला मी एक घमेलं पाणी, एक वाटी गोडंतेल आणि शंभर ग्रॅमचे पाऊच ठेवले. सगळ्यांनी आधी बोटं तेलात बुडवायची, मग पाण्यात, आणि तशाच हाताने पाऊच फोडायचा. कात्री नाही. स्वयंपाकघरात फोडणी तडतडत असताना हात असेच असतात. मॅनेजर साहेबांच्या हातातून पाऊच दोनदा निसटला. सेल्सच्या पोराने जोर लावला आणि पाऊच मधोमध उभा फाटून मसाला शर्टावर. पॅकिंगच्या एक ताई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरी दात लावून फोडतात."

"पाठीमागं लिहिलंय की ताई, कात्रीनं कापा."

"फोडणी जळत असताना कात्री कोण हुडकतंय?"

यानंतर तक्ता कुणी उघडला नाही. फाडायची खाच एकाच बाजूला होती आणि ती सीलच्या पट्टीतच संपत होती; ओल्या हाताला ती सापडतच नव्हती. खाच दोन्ही बाजूंना आणि थोडी खोल, एवढा बदल ठरला. तो ठरायला वेळ लागला नाही, कारण प्रत्येकाने तो त्रास आत्ताच स्वतःच्या हाताने घेतला होता.

यातली क्लृप्ती वस्तू हातात देण्यापुरती नाही. वस्तू जिथे वापरली जाते तिथली अडचणही बरोबर आणायची. कोरड्या हाताने एसीत बसून पाऊच फोडला असता तर तो सगळ्यांनी फोडला असता.

नाक

नाकाचं एक विचित्र आहे: ते फार लवकर सरावतं. एखादा वास सतत येत राहिला की काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो. आमच्या कारखान्यात शिरणारा नवा माणूस दारातच शिंकतो, आम्हाला हळदीचा वास येतच नाही. त्यामुळे गोडाऊनमधला कुबट वास गोडाऊनवाल्यांना सगळ्यात शेवटी कळतो. वासाची मीटिंग असेल तर दुसऱ्या खात्यातली माणसं मुद्दाम बोलवा. आमचे अकाउंट्सचे काका या कामात हिरा आहेत. दिवसभर कागदांत बसलेले, नाक कोरं.

सॅम्पल झाकणाच्या काचेच्या बरण्यांत घाला, अर्ध्यापर्यंतच, आणि पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा म्हणजे वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. झाकण उघडायचं, दोन छोटे श्वास, झाकण बंद. बरण्या तीन-चारच्या वर नकोत. मध्ये नाक मोकळं करायला कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, स्वतःच्या कोपराचा मऊ भाग हुंगला किंवा बाहेर चक्कर मारली तरी पुरतं. आदल्या दिवशीच निरोप द्या की उद्या अत्तर, डिओ, मोगऱ्याचा गजरा नको. गजऱ्याचं सांगताना मला जिवावर येतं, पण मोगऱ्यापुढे धन्याचा जुनाट वास टिकत नाही. उदबत्ती लावायची झाली तर मीटिंग सुटल्यावर.

वासासाठी लोकांकडे शब्द कमी असतात. "चांगला", "बरा", "कसातरी" यापुढे गाडी जात नाही. फळ्यावर आधी काही शब्द लिहून द्या: कुबट, मातकट, जळका, आंबूस, गोणपाटाचा, भिजक्या लाकडाचा. मग कोण कुठला उचलतो बघा. पॅकिंगच्या एका ताईंनी यात "पावसात न वाळलेल्या चादरीचा" अशी भर घातली. अख्ख्या खोलीला कुठला वास ते एका झटक्यात कळलं, आणि तो शब्द आता आमच्या फॉर्मवर छापलाय.

सर्दी झालेल्याला सुट्टी द्या. कोविडनंतर काहींचं नाक पूर्वीसारखं राहिलेलं नाही, त्यांना सगळ्यांसमोर "तुम्हाला येतो का वास?" असं विचारू नका.

डोळे आणि जीभ

डोळ्यांचं थोडक्यात. रंग बघायचा तर खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, थेट ऊन नको. पिवळ्या बल्बखाली कुठलीही हळद आमच्याकडच्या नावाजलेल्या राजापुरी जातीसारखी दिसते. पांढऱ्या कागदावर पावडरीच्या चिमटी शेजारी-शेजारी ठेवून दुसऱ्या कागदाने दाबायच्या, म्हणजे पृष्ठभाग सपाट होतो आणि सावली फसवत नाही. आणि फळ्यावर लाल ठिपका म्हणजे वाईट, हिरवा म्हणजे चांगला अशी खूण करू नका. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही आणि ते तसं सांगत नाहीत. फुली आणि गोल काढा.

चवीच्या मीटिंगला लोक सगळ्यात खूश असतात आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच होतो. आधी उपवास विचारा. सोमवार, गुरुवार, संकष्टी, आणि रमजान असेल तर रोजे. मिरजेकडून येणारी आमची काही मंडळी रोज्यात असली की चव महिनाभर पुढे ढकलतो किंवा त्या मीटिंगला वासावर किंवा रंगावर भागवतो. एक माणूस तोंड बंद करून बसलाय आणि बाकीचे चाखतायत, हे बरं दिसत नाही.

कांदा-लसूण मसाला नुसता जिभेवर ठेवायचा नसतो. उकडलेल्या बटाट्यात, मीठ तेवढंच, मसाला तेवढाच, सगळ्या वाट्या सारख्या कोमट. सौम्य आधी, जहाल शेवटी. मध्ये पाणी पिऊन उपयोग नाही, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. घोटभर दूध किंवा ताक द्या. शिवाय साधे चुरमुरे.

जुना मसाला आणि नवा मसाला यांत फरक कळतो का, असा प्रश्न असेल तर "कुठला आवडला?" विचारू नका. तीन वाट्या द्या, दोनमध्ये एकच मसाला, तिसरीत दुसरा. वेगळी वाटी कुठली एवढंच ओळखायचं. वाट्यांवर ए-बी-सी किंवा एक-दोन-तीन लिहू नका, लोक पहिल्या नंबराकडे झुकतात. 417, 862, 539 असे आकडे टाका आणि प्रत्येकाला क्रम बदलून द्या. नुसत्या अंदाजाने तिघांतल्या एकाचं उत्तर बरोबर येणारच. नऊ जण असतील तर निदान सहा जणांनी ओळखलं तरच फरक खरा धरायचा. या एका खेळाने आमच्याकडचे "मला तर लगेच कळलं" म्हणणारे बरेच जण शांत झाले. त्यात मोठे साहेबही होते, आणि ते हसले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

बोलायची वेळ

इथे मी कडक आहे. वस्तू हाताळून झाली की दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. लिहिणं ज्यांना जड जातं त्यांना चिठ्ठीचा आग्रह नको. दोन झाकलेल्या डब्यांत हळकुंडं टाकू द्या, एक "घ्या"चा, एक "परत"चा. मग बोलायला सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून. मालक, मॅनेजर शेवटी. साहेबांनी आधी "मला तर ठीक वाटतंय" म्हटलं की पुढच्या सगळ्यांच्या नाकाला ठीकच वाटतं. साहेबांना हे आधी एकट्यात सांगून ठेवा, मीटिंगमध्ये अडवू नका.

जिथे माल नाही तिथे

माझी मामेबहीण साताऱ्यात एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. तिचं म्हणणं, "ताई, तुझ्याकडं हळद आहे, माझ्याकडं काय हुंगायला देऊ, पासबुक?" तिच्याकडे ज्येष्ठ ठेवीदार फॉर्म अर्धवट भरतात अशी रड होती. तिने स्टाफला तोच फॉर्म दिला, चष्मेवाल्यांचे चष्मे काढून घेतले, बिनचष्मेवाल्यांना दुसऱ्याचे घालायला लावले, टेबल काढून टाकलं आणि काउंटरच्या कडेवर उभ्याने, दोरीला बांधलेल्या पेनाने भरायला सांगितलं. दोरी आखूड होती. खालच्या रकान्यापर्यंत पेन पोचतच नव्हतं. अक्षर मोठं करायचं, रकाने कमी करायचे, बसायला खुर्ची आणि दोरी लांब, असं सगळं ठरून ते चहाच्या आत मोकळे झाले.

म्हणजे ऑफिसातही काहीतरी सापडतंच. ग्राहक जिथे थांबतो त्या बाकावर बसून मीटिंग घ्या. तक्रारीचा फोन असेल तर ग्राहकाला विचारून रेकॉर्डिंग ऐकवा. "ग्राहक नाराज" या दोन शब्दांत जे येत नाही ते त्या आवाजात येतं. शाखा लांब-लांब असतील आणि मीटिंग मोबाईलवर असेल तर तेच सॅम्पल आदल्या दिवशी एसटीच्या पार्सलने सगळीकडे पाठवा आणि सांगा की स्क्रीनवर सगळे दिसल्याशिवाय कुणी पाकीट फोडायचं नाही.

सुट्ट्यांचं वेळापत्रक, बोनसची तारीख असल्या गोष्टींना यातलं काही लागत नाही, त्या व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं व्हा. अपघात झालाय, कुणाला कामावरून कमी करायचंय, अशा वेळी तर वस्तूंना हातही लावू नका. तिथे माणसाशी नीट बोलायचं असतं.

निर्णय झाला की ज्या सॅम्पलवर तो झाला ते पिशवीत सील करा, वर तारीख, ट्रकचा नंबर आणि लोकांनी वापरलेला शब्द लिहा, आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. पुढच्या हंगामात वाद निघाला की तीच पिशवी टेबलावर येते.

राहिलं टेबल. हळदीच्या मीटिंगआधी जुनी वर्तमानपत्रं अंथरा. टेबलक्लॉथला डाग पडलाच तर साबण लावल्यावर तो लालभडक होईल, घाबरू नका, हळदीला खाराचा हात लागला की ती तशीच होते. धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाका, उन्हाने हळदीचा रंग उडतो. शर्टावर पडलेल्या कांदा-लसणाचं मात्र माझ्याकडे औषध नाही.